कर्ण्यापासून किती दूर?

जुने वाडे पाडले जाऊ लागले तेव्हा माळ्यावरून जे सामान खाली उतरले, त्यात काळ्या तबकड्यांच्या पेट्या पुष्कळ होत्या. कोणी त्या भंगारवाल्याला दिल्या, कोणी पुसून-पासून जपून ठेवल्या. ज्यांनी जपल्या त्यांच्या घरी फराळाला गेले की तबकडी लागते, आणि पाठोपाठ एक वाक्यही येते : "ती गोडी आता नाही!" घरातली तरुण मंडळी यावर गालात हसतात. त्यांच्या मते त्या तबकडीतून गोडी येत नाही, खरखर येते. वाद रंगतो, चिवडा संपतो, आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम राहतात.

गंमत अशी की दोन्ही पक्ष बोलतात ते यंत्राविषयी. ध्वनिमुद्रणाचा इतिहास चाळू लागले की वेगळेच काही ध्यानात येते. एखादी ध्वनिमुद्रिका पिढ्यान्‌पिढ्या मनात घर करते, तिचे भाग्य पुष्कळदा यंत्राच्या आधीच एका साध्या गोष्टीने ठरलेले असते : गाणारा कोठे उभा होता, यंत्रापासून किती हातांवर, आणि कसल्या खोलीत.

१९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा एक तरुण अमेरिकन माणूस मुक्कामाला होता. फ्रेड गाइसबर्ग त्याचे नाव. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात त्याने इटलीत, मिलानच्या एका हॉटेलात, एन्रिको कारुझो या गायकाची दहा गाणी मुद्रित केली होती. कारुझोने त्यासाठी शंभर पौंड मागितले. लंडनच्या कचेरीला ही मागणी भलतीच वाटली आणि तिने मनाईची तार धाडली, अशी आठवण गाइसबर्गनेच पुढे लिहून ठेवली आहे. त्याने ती तार गुंडाळून ठेवली आणि गाणी मुद्रित करून घेतली. त्या गाण्यांनी कारुझोचे नाव झाले, कंपनीचेही झाले. असा हा धाडसी गृहस्थ आता हिंदुस्थानातले आवाज गोळा करायला आला होता. ८ नोव्हेंबरला त्याने नाटक कंपनीतल्या दोन मुलींची गाणी घेतली. त्यांवर तो काही खूष झाला नाही. ११ नोव्हेंबरला गौहरजान आल्या, आणि कलकत्त्याच्या मुक्कामाचे चीज झाले.

त्या वेळची सामग्री डोळ्यांसमोर आणा. विजेचा संबंध नाही. भिंतीतून एक मोठा निमुळता कर्णा बाहेर आलेला. त्याच्या अरुंद टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. तबकडी फिरते तीही घड्याळासारखी, खाली उतरणाऱ्या वजनाच्या बळावर. गाणारीने कर्ण्यात तोंड घालून गायचे. तिच्या श्वासाच्या जोरानेच पडदा थरथरणार आणि सुई मेणात रेघ ओढणार. मधे मदतीला दुसरे कोणीही नाही. आवाज हळू लावला तर रेघ उमटत नाही. तार षड्‌जावर जोर दिला तर सुई उसळते आणि मेण वाया जाते. म्हणून युरोपात गायकाच्या पाठीशी एक माणूस उभा असे. सूर चढला की तो गायकाला दंड धरून मागे ओढी, उतरला की पुढे लोटी. आज ध्वनिमुद्रक बोटाच्या टोकाने जे काम करतो, ते तेव्हा खांद्याला धरून होत असे!

आणि एवढी ओढाताण करून हाती काय लागे? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. कर्ण्याच्या पदरात पडत ती ढोबळमानाने २०० ते २,५०० या पट्ट्यातली कंपने. डग्ग्याचा घुमारा त्या खाली राहून जाई, तंबोऱ्याचा झंकार बहुधा कर्ण्यापर्यंत पोहोचतच नसे. व्हायोलिनचा नाजूक आवाज पुरत नाही म्हणून ष्ट्रो नावाच्या कारागिराने त्याला कर्णाच बसवला होता. तरीही गौहरजानच्या तबकड्या आजही मन लावून ऐकल्या जातात. तीन मिनिटांत राग मांडायचा, तान घ्यायची आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारायचे (तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना कोणाची तबकडी ते कळावे म्हणून), हे त्यांनी असे साधले की जणू कर्ण्यात गायचीच त्यांची तालीम झाली होती. कर्ण्याला हवा होता टोकदार, घट्ट, न थरथरणारा आवाज. कारुझोपाशी तो होता, गौहरजानपाशी होता. ज्यांच्यापाशी नव्हता त्यांचे काय झाले, हे आपण विचारीत नाही.

मराठी रंगभूमीच्या रसिकाला इथे भाऊराव कोल्हटकरांची आठवण आल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या आवाजाने किर्लोस्कर मंडळींचे नाटक गाजले, ते भाऊराव १९०१ च्या फेब्रुवारीत गेले. गाइसबर्ग पुढल्या वर्षी आला. पावणेदोन वर्षांची चुकामूक! भाऊरावांचा आवाज आपल्यापाशी आहे तो केवळ त्यांना ऐकलेल्यांच्या शब्दांत.

अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट याहून बोलकी आहे. मिरजेला स्थायिक झालेल्या या गवयाचा आवाज बारीक, हळुवार, सुरात विरघळणारा. १९०५ च्या सुमारास त्यांच्याही तबकड्या कर्ण्यातून निघाल्या. त्या ऐकाव्यात, मग त्यांच्या उतारवयात, तिशीच्या दशकात निघालेल्या तबकड्या ऐकाव्यात. झिंझोटीतली ती सुप्रसिद्ध ठुमरी त्यातलीच. वय वाढलेले, आणि आवाज मात्र जवळ आलेला! मधल्या काळात खाँसाहेब बदललेच असतील, पण त्याहून मोठा बदल समोरच्या उपकरणात झाला होता. १९२५ साली अमेरिकेत विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले. कर्णा गेला, मायक्रोफोन आला. कंपनांचा पट्टा साधारण १०० ते ५,००० पर्यंत रुंदावला. पण माझ्या मते खरी क्रांती आकड्यांत नव्हती. गाणाऱ्याला आता ढकलावे लागत नव्हते. त्याच्या आवाजाने सुई हलवायची नव्हती. ते काम वीज करी. तो हळू बोलला तरी चालणार होते. १९३७ साली खाँसाहेब गेले, तोवर त्यांचा हळू सूर तबकडीवर येऊन चुकला होता. कारुझोच्या वाट्याला मात्र मायक्रोफोन आला नाही. तो १९२१ मध्येच वारला.

आपल्याकडचे भावगीत हे याच मायक्रोफोनचे अपत्य आहे, असे म्हटले तर कोणी रागावू नये. कवितेतले मनोगत कानाशी लागून सांगायचे, तर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकून कसे चालेल? जी. एन. जोशी यांच्या तिशीतल्या तबकड्यांनी हे कुजबुजणारे गाणे घराघरात नेले. आणि हेच जोशी पुढे एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. थिएटर गाजवणारा आवाज आणि मायक्रोफोनला मानवणारा आवाज, या दोन वाटा तेव्हाच वेगळ्या झाल्या.

आता अंतराची खरी कथा. १९४९ साली 'महल' चित्रपट आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचे, गाणाऱ्या लता मंगेशकर, विशीच्या उंबरठ्यावर. पडद्यावर एक गूढ स्त्री. तिचे गाणे आधी लांबून कोठूनसे यावे आणि हळूहळू जवळ यावे, असा प्रसंग. आज अशा लांबून येणाऱ्या आवाजासाठी कोणी जागचे हलत नाही. तेव्हा तसली सोय नव्हती. मग काय केले, ते लताबाईंनीच पुढे सांगितले आहे : मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि त्या एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या ओळी म्हणत त्या एकेक पाऊल पुढे येत, आणि मुखडा सुरू होण्याच्या क्षणी मायक्रोफोनपाशी पोहोचत. पाऊल वाजता कामा नये, लय चुकता कामा नये, दम तुटता कामा नये, आणि नेमक्या मात्रेवर नेमक्या जागी पोहोचायचे. हे साधेपर्यंत पुन्हा पुन्हा करावे लागले. गाणे इतके गाजले की रेडिओवर गायिकेचे नाव विचारणारी पत्रे येऊ लागली. कारण तबकडीवर नाव होते चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे.

ते गाणे आज लहानशा ध्वनिवर्धकावर ऐकले तरी अंगावर काटा येतो. त्यात ऐकू येणारे अंतर खरोखर चाललेले आहे. गाणारी लांब असते तेव्हा तिच्या आवाजाबरोबर खोलीचाही आवाज येतो. ती जवळ येते तसतशी खोली मागे पडते आणि केवळ ती उरते. आवाज नुसता लहानाचा मोठा केला तर हे होत नाही.

खोलीला आवाज असतो, हे कोणाला पटवून द्यायला नको. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरातून जे गवई गाऊ लागतात, ते दिवाणखान्यात गप्प का होतात? १९४७ साली शिकागोत बिल पुटनम या ध्वनिमुद्रकाने हे रहस्य कामाला लावले. बाजाच्या वादकांची एक तबकडी करताना त्याने त्यांचा आवाज स्नानगृहातल्या ध्वनिवर्धकातून सोडला आणि तिथे घुमलेला आवाज मायक्रोफोनने परत उचलला. तबकडी तुफान खपली. त्यानंतर स्टुडिओंनी तळघरातून आणि गच्चीवरून घुमाऱ्याच्या खोल्याच बांधल्या.

पुढची कथा ध्वनिफितीची. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दिसलेली ही फीत युद्धानंतर जगभर पसरली. चूक झाली तर कापा, जोडा. एकाचा आवाज आज घ्या, दुसऱ्याचा उद्या. १९६७ साली लंडनच्या अ‍ॅबी रोडवर बीटल्स मंडळींनी चार पट्ट्यांच्या यंत्रावर थरावर थर चढवून जो चमत्कार केला, त्याला दाद दिलीच पाहिजे. पण त्याच वाटेने गवई काचेच्या केबिनीत एकटा पडला. आता द्वंद्वगीतातले दोघे एकमेकांना न भेटताही प्रेम करतात.

आणि यंत्र बिनचूक असले म्हणजे भागते, असेही नाही. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. तिथे १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही जाझची ध्वनिमुद्रिका झाली. पहिल्या दिवशी यंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे छापील तबकडीच्या एका बाजूवर सूर थोडे चढे लागले, आणि ते दुरुस्त झाले १९९२ नंतर. तोवर ती जगातल्या अत्यंत लाडक्या ध्वनिमुद्रिकांत जाऊन बसली होती. सहा वादक एका उंच छताच्या खोलीत एकमेकांकडे पाहत वाजवीत होते. ती चूक त्यापुढे कोणाच्या कानाला टोचली नाही. त्या चर्चचा स्टुडिओ १९८१ मध्ये बंद झाला.

लंडनच्या किंग्जवे हॉलचीही तीच गत. मेथडिस्ट पंथाचे हे सभागृह. जमीन उतरती, सोयी यथातथाच, पण वाद्यवृंदाला तिथे जो भरदार आणि स्वच्छ आवाज मिळे त्यासाठी मोठमोठ्या कंपन्या तारखांसाठी भांडत. अडचण एकच : खालून भुयारी रेल्वे जाई. गाडी आली की कधी थांबून पुन्हा वाजवावे लागे, कधी फार सुंदर वादन झालेले असले तर तसेच राहू देत. १९८४ मध्ये तिथले ध्वनिमुद्रण थांबले, पुढे इमारत पाडून हॉटेल उभे राहिले. नामांकित सभागृहांचा घुमारा आता संगणकात साठवून ठेवतात आणि केबिनीत गायलेल्या गाण्याला हवा तेवढा लावतात. त्या जुन्या तबकड्यांत मात्र, व्हायोलिने हळू झाली की, खोल कोठेतरी गाडीची गुरगुर ऐकू येते.