‘वकील’ आणि ‘अशील’ : एका शब्दयुग्माचा इतिहास

कायद्याचा व्यावसायिक सल्लागार हा ‘वकील’ शब्दाचा आजचा रूढ अर्थ होय. परंतु शब्दाचा इतिहास पाहता सल्ला हा त्याचा गाभा नसून सोपवणूक हा आहे. हा शब्द अरबी असून फार्सीच्या द्वारे मराठीत आला. ‘व-क-ल’ या धातूचा अर्थ भार दुसऱ्यावर सोपविणे. ज्याच्यावर तो सोपविला तो वकील.

ठाणे जिल्ह्यातील आसनगावाजवळच्या माहुली किल्ल्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत माहुली होता. त्या तहाची पूर्वबोलणी मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत जाऊन रघुनाथपंतांनी केली. ते शिवाजी महाराजांचे वकील होते. पण तेथे न्यायसभा नव्हती आणि वादही नव्हता. धन्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार एवढाच त्या पदाचा अर्थ. अशा दूतास ‘हेजीब’ही म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ द्वारपाल. म्हणजे एक शब्द दरबारच्या दारावरून, तर दुसरा विश्वासावरून घडला. पेशवाईतही हाच अर्थ कायम होता. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे होते. १७८४ मध्ये बादशहा शाह आलम याने पेशव्यांस दिलेले ‘वकील-इ-मुतलक’ हे पद तर बादशाहीच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचे होते.

कंपनी सरकारच्या अमलात दरबार मावळले आणि अदालती उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यात १८२७ च्या विनियमांनी अदालतीतील वकिलांच्या व्यवसायास नियमबद्ध रूप दिले. राजांमधील प्रतिनिधी आता पक्षकारांचा प्रतिनिधी झाला. येथे अर्थाचा संकोच झाला, हे खरे. परंतु मूळ अर्थ लोपला नाही. त्याचा पुरावा ‘अशील’ या जोडशब्दात मिळतो. अरबी ‘असील’ म्हणजे मूळ पक्ष, प्रतिनिधीच्या उलट असलेला खुद्द धनी. ‘असल’, ‘अस्सल’ हे त्याच धातूचे शब्द. हिंदीने याच अर्थी ‘मुवक्किल’, म्हणजे सोपविणारा, हा शब्द घेतला. मराठीने मूळ धन्याचे नाव राखले. ‘वकीलपत्र’ हा शब्दही सल्ल्याचा नव्हे, अधिकारदानाचा लेख दर्शवितो. एखाद्याचे वकीलपत्र घेणे, या वाक्प्रचारातही दुसऱ्याची बाजू स्वतःच्या शिरावर घेण्याचाच भाव आहे.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने व्यावसायिकांचे जुने वर्ग मोडून ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग ठरविला. ही संज्ञा बोलण्यावर भर देते. लोकव्यवहारात मात्र ‘वकील’ टिकला. ‘अधिवक्ता’ या शब्दात कोणाच्या वतीने बोलावयाचे ते सांगितलेले नाही. ‘वकील’ म्हटले की त्याच्यामागे अशील उभा असतोच. सल्ला देणारा सल्ला देऊन मोकळा होतो. वकिलाच्या शब्दाने दुसरा मनुष्य बांधला जातो. या शब्दयुग्माने जपलेला अर्थ हाच होय.