यंत्रातल्या यंत्राची कुळकथा

१९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीकडे आयबीएम १४०१ हा संगणक आला. जगभर ही यंत्रं हजारोंनी बसली. त्यामुळेच १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही नवी मालिका आणताना आयबीएमपुढे पेच पडला. जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालत नव्हते आणि ग्राहक सगळं नव्याने लिहायला तयार होईनात. तोड निघाली ती अशी: गरज पडेल तेव्हा नव्या यंत्राने हुबेहूब १४०१ सारखं वागायचं. हाच एम्युलेटर.

व्हर्च्युअल मशीनचं कूळ निराळं. संगणक एकच, वापरणारे अनेक, ही अडचण सोडवायला अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्याच रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी सीपी-४० रचलं. १९६७ मध्ये ते चालू झालं तेव्हा एका यंत्राच्या पोटात चौदा यंत्रं नांदू शकत होती आणि प्रत्येकाला वाटे, अख्खा संगणक आपलाच! १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय साध्या पीसीवर आणली.

नेटवर्किंगच्या सर्टिफिकेशनचा अभ्यास करणाऱ्यांचं नशीब मात्र उघडलं २००५ मध्ये. फ्रान्सच्या क्रिस्तोफ फियो यांनी ‘डायनामिप्स’ हा एम्युलेटर लिहिला आणि सिस्कोचा राउटर पीसीत उतरला. राउटरचं मूळ सॉफ्टवेअरच त्यावर चाले, त्यामुळे चुकलेल्या कमांडचा परिणामही खराच दिसे. एकच जाच होता. राउटर रिकामा बसला तरी प्रोसेसर पुरता खाऊन टाकी. मग ‘आयडल-पीसी’ या सेटिंगची योग्य किंमत शोधायची, ती सापडली की पंख्याची घरघर थांबे. पुढे जेरेमी ग्रॉसमन यांच्या जीएनएस३ मुळे अख्खं नेटवर्क माउसने मांडता येऊ लागलं.

सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेसाठी नागपूर-पुण्यात खोली घेऊन राहणं चिमूर, नागभीड, गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांना झेपत नाही. तिथल्या पोरापोरींनी लॅपटॉपवरच्या या सरावाला दुय्यम मानू नये. यंत्रं थोडी आणि माणसं फार, या टंचाईतूनच व्हर्च्युअल मशीन जन्मलं आहे. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षासुद्धा व्हर्च्युअल मशीनवर कामं करूनच द्यावी लागते. केबल क्रिंप करणं तेवढं हातानेच शिकावं लागेल.

व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स आणि जीएनएस३ मोफत मिळतात. सिस्कोच्या राउटर सॉफ्टवेअरला परवाना लागतो. तो नसेल तर सिस्कोच्याच नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर घ्यावं. तालुक्याच्या अभ्यासिका चालवणाऱ्यांना एक विनंती: स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी सोळा जीबी रॅमचा एक संगणकही ठेवा.