वालाचं बिरडं आणि कमलाबाईंचा प्रश्न

दिल्लीतलं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज तुम्ही ऐकून असाल. १९३९ साली तिथे जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला. त्याच्या प्रमुख म्हणून आल्या केंब्रिजची पीएच.डी. घेऊन नुकत्याच परतलेल्या कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, लग्नानंतरच्या कमला सोहोनी.

इथवरची वाट सरळ नव्हती. १९३३ मध्ये बी.एस्सी.ला पहिल्या येऊनही बंगळूरच्या टाटांच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम बघून ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतली प्रथिनं अभ्यासली. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं, हे दाखवलं.

दिल्लीनंतर कुन्नूर आणि १९४७ नंतर मुंबई. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी हात घातला आपल्या रोजच्या जेवणाला. वालाचंच बघा. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनांचे तुकडे करतं. वालात मात्र या ट्रिप्सिनलाच अडवणारं एक प्रथिन असतं. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते स्फटिकरूपात वेगळं केलं. १९५५ साली 'नेचर'मध्ये तो निबंध आला.

मग वाल खायचे नाहीत का? खायचे, पण नीट शिजवून. ओल्या उष्णतेने अशा प्रथिनांची घडी मोडते आणि त्यांचा जोर जातो. काही लवकर मोडतात. काहींची घडी गंधकाच्या बंधांनी घट्ट शिवलेली असते, ती जास्त वेळ तग धरतात. म्हणून परीक्षानळीत दिसलेला परिणाम ताटात तेवढाच दिसेल, असं गृहीत धरता येत नाही.

आज हाच मुद्दा मधुमेहाच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. रक्तातली साखर विकराच्या मदतीशिवायच प्रथिनांना चिकटते. याला ग्लायकेशन म्हणतात. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात ती आपली एचबीए१सी तपासणी. हे चिकटणं रोखतील असे वनस्पतींतले पदार्थ देशोदेशीच्या प्रयोगशाळा शोधताहेत. हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत चांगलं काम करतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. अमिनोग्वानिडिन या रसायनाचीही अशीच गोष्ट. १९८६ मध्ये त्याने उंदरांत मोठी आशा दाखवली, माणसांवर चाचण्याही झाल्या, पण औषध म्हणून ते बाजारात आलंच नाही.

तेव्हा 'साखरेवर रामबाण' अशी बाटली कुणी पुढे केली, तर तीन गोष्टी विचारा. हे शिजवल्यावर आणि पचल्यावर टिकतं का? रक्तात पुरेसं पोचतं का? माणसांवर तपासलंय का? आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.

कमलाबाईंनी उतारवयात ग्राहक चळवळीत काम केलं, ते याच वृत्तीने. १९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांच्या सत्कारासाठी दिल्लीत सोहळा ठेवला. तिथेच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या. ज्या शहरात त्यांनी पहिला विभाग उभा केला, तिथेच त्यांचा प्रवास संपला.