एका माणसाचे अनेक पत्ते

एकाच माणसाजवळ तीन-चार ईमेल पत्ते असावेत, आणि ते सारे त्याने आपल्या संगणकावरील एकाच टपाल-आज्ञावलीत सांभाळावेत, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने तिकडे वळण्याचे तर काही कारणच दिसत नाही. परंतु पत्रव्यवहार हे ज्याच्या अभ्यासाचे साधन आहे त्याला दोन प्रश्न टाळता येत नाहीत : पत्र कोणत्या नावाने लिहिले गेले, आणि त्याची प्रत कोठे राहिली. अनेक पत्त्यांचा सारा व्यवहार या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

मला हे सुचले ते अणदूरमुळे. तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव खंडोबासाठी प्रसिद्ध आहे. येथला देव एक आणि त्याची घरे दोन. वर्षातील बहुतेक काळ मूर्ती अणदूरच्या देवळात असते. सुमारे पावणेदोन महिने ती नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास जाते, आणि पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तेथेच भरते. मूर्ती नेताना व आणताना दोन्ही गावांची मंडळी लेखी करार करतात. देव कोठे आहे, किती दिवस आहे, याविषयी संदिग्धता ठेवायची नाही, एवढा व्यवहार श्रद्धेलाही सांभाळावा लागतो.

याच परिसरात टपालाचीही दोन घरे होती, हे मात्र आज फारसे कोणास आठवत नाही. अणदूर निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानाने १८६९ साली स्वतःची टपाल तिकिटे काढली, आणि ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. पन्नास-साठ किलोमीटरांवरचे सोलापूर इंग्रजी अमलात. म्हणजे या टापूतला एखादा व्यापारी हैदराबादच्या अडत्याला एका सरकारच्या तिकिटावर लिहिणार आणि सोलापूरच्या अडत्याला दुसऱ्या सरकारच्या. लिहिणारा तोच, शाईही तीच. पत्र कोणाला जायचे आहे यावरून लिहिणारा कोणाच्या टपालाचा ग्राहक हे ठरे. १ एप्रिल १९५० पासून तेथे भारताची तिकिटे लागू झाली आणि हा दुहेरी संसार संपला.

पत्र कोणाला जाते यावरून लिहिणाऱ्याची ओळख ठरावी, हेच तत्त्व पुढे एका संगणकीय आज्ञावलीत उतरले. तिचा जन्म मात्र फार दूरचा. १९८८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर या तरुणाने टपाल वाचण्याची आज्ञावली लिहिली आणि तिला 'युडोरा' हे नाव दिले. हे नाव युडोरा वेल्टी या मिसिसिपीच्या कथालेखिकेचे. तिची १९४१ साली प्रसिद्ध झालेली एक कथा आहे. शीर्षकाचा अर्थ 'मी पोस्टात का राहते' असा. घरच्यांशी भांडून पोस्टमास्तरीण असलेली नायिका आपले चंबूगबाळे उचलते आणि थेट पोस्टातच बिऱ्हाड करते. दिवसभर टपालाच्या ढिगात बसणाऱ्या डॉर्नरला ती आपलीशी वाटली. एखाद्या कथेवरून आज्ञावलीचे नामकरण व्हावे, हा मान आपल्याकडच्या कोणत्या कथाकाराला मिळाला असता याचा विचार मी अधूनमधून करतो, जी. एं.च्या नावाची आज्ञावली बहुधा उघडलीच नसती.

१९९१ साली युडोरा क्वालकॉम कंपनीकडे गेली. पुढे माणसांचे पत्ते वाढू लागले : एक नोकरीचा, एक घरचा, एक संस्थेचा. या पत्त्यांना युडोराने 'खाती' म्हटले नाही; 'पर्सनॅलिटी', म्हणजे व्यक्तिमत्त्वे, असे म्हटले. त्यांतल्या मुख्य व्यक्तिमत्त्वाला 'डॉमिनंट' असे नाव होते. पत्र ज्या व्यक्तिमत्त्वाला आले त्याच्याच नावाने उत्तर जाई. आउटलुक एक्स्प्रेसने घरातल्या निरनिराळ्या माणसांसाठी 'आयडेंटिटी' हा शब्द घेतला. थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व पत्त्यांचे टपाल एकाच कप्प्यात एकत्र पाहण्याची सोय झाली. मला ही सोय पटली नाही. वेगळे ठेवलेले पत्ते पुन्हा एका ढिगात दिसू लागले की चुकीच्या नावाने उत्तर जाण्याची भीती वाढते, आणि तसे एकदा माझ्या हातून झालेही आहे.

मराठी वाचकाला 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द नवा वाटू नये. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने, आणि विनोदी लेख बाळकराम होऊन. शिरवाडकर कवितेपुरते कुसुमाग्रज. टोपणनाव हा लपण्याचा प्रकार असतो असे आपण समजतो. या दोघांचे नाव तर सर्वांना ठाऊक होते. वाचकाने कोणत्या अपेक्षेने पान उघडावे, याची ती सूचना होती. डॉमिनंट कोण, हा प्रश्न गडकऱ्यांच्या बाबतीत अजून सुटलेला नाही, आणि तो सुटू नये असेच मला वाटते.

आता प्रतीचा प्रश्न. कागदी पत्र ज्याला गेले त्याच्याजवळ राहते. लिहिणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून राजवाड्यांना गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरे धुंडाळावी लागली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडांनी प्रसिद्ध करता आली. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहारही आपण दोन निरनिराळ्या पुस्तकांतून वाचतो. एकाची बाजू एका पुस्तकात, दुसऱ्याची दुसऱ्या.

ईमेलने लिहिणाऱ्याजवळही प्रत ठेवली, पण ती कोठे हे पद्धतीवर अवलंबून असते. १९८४ साली मांडलेल्या 'पॉप' पद्धतीत आज्ञावली दूरच्या यंत्रावरून टपाल उतरवून घेते आणि, वेगळे सांगितले नसेल तर, तेथून पुसून टाकते. हे मैलारपूरच्या मूर्तीसारखे : येथे आहे, म्हणजे तेथे नाही. १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिनने रचलेल्या 'आयमॅप' पद्धतीत मूळ पत्र दूरच्या यंत्रावर राहते आणि घरच्या, कचेरीच्या संगणकांवर त्याची छबी दिसते. हे सोयीचे खरे. पण खाते बंद झाले, संस्थेने पत्ता काढून घेतला, की छबीही जाते. निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार असाच एका दिवसात गेला. पॉपने उतरवून घेतलेले टपाल त्यांच्या कपाटात तरी राहिले असते. तेव्हापासून मी प्रत्येक पत्त्याची एक प्रत स्वतःच्या संगणकावर, आयमॅपच्या बाहेर, ठेवतो.

युडोरा टपाल साध्या मजकुराच्या फायलीत साठवत असे. २००६ साली तिचा व्यापारी अवतार संपल्याचे जाहीर झाले, २०१८ साली कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयाने तिची मूळ संहिता खुली केली; पण त्या फायली उघडण्यासाठी युडोरा लागतच नाही. माझी १९९९ ते २००३ ची फाईल मी अलीकडे उघडली. पत्रे सगळी आहेत, तारखांसह, कोणत्या पत्त्यावरून गेली त्या नोंदींसह. पण त्या काळी युनिकोड आमच्यापर्यंत पोचले नव्हते. जी पत्रे मी आळसाने रोमन लिपीत मराठी लिहून धाडली ती आजही सरळ वाचता येतात. जी हौसेने, वेळ काढून, देवनागरी फाँटमध्ये टंकली, त्यांच्या जागी आता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ आहे. फाँटचे नाव कळले तर त्यांचे रूपांतर करता येते. काहींच्या आरंभी ते सापडले आहे. उरलेल्यांसाठी मी जुन्या फाँटांच्या तबकड्या गोळा करीत आहे.