बोई पाड्यातले देउस्कर

कोलकात्यातल्या कॉलेज स्ट्रीटला बंगाली माणूस ‘बोई पाडा’ म्हणतो. दोन्ही शब्द आपल्या नात्यातले. ‘बोई’ म्हणजे आपली वही. आपल्याकडे ती कोरी राहिली, तिकडे छापून पुस्तक झाली. पाडा आपल्याकडे रानाच्या कडेला, तिकडे भरवस्तीत. या पाड्यात मी सखाराम गणेश देउस्करांचे ‘देशेर कथा’ शोधत होते.

नाव कॉलेजांचे असले तरी रस्ता नांदता ठेवला तो दुकानांनी. १८४७ मध्ये विद्यासागर आणि मदनमोहन तर्कालंकार यांनी ६०० रुपये कर्ज काढून छापखाना घेतला आणि कृष्णनगरच्या राजवाड्यातल्या पोथीवरून भारतचंद्रांचे ‘अन्नदामंगल’ छापले. फोर्ट विल्यम कॉलेजने १०० प्रती ६०० रुपयांना घेतल्या, कर्ज फिटले. छापखान्याच्या जोडीला पुस्तके विकायची पेढीही आली. तोवर बटतल्याची स्वस्त पुस्तके फेरीवाले दारोदार नेत. आता गिऱ्हाईक पुस्तकाकडे चालत येऊ लागले.

चालून आलेल्याला भूक लागतेच, आणि विद्यार्थ्याच्या खिशात पैसे कमी. १९१८ साली सुरू झालेल्या ‘पॅरामाउंट’मधले डाब-शरबत त्याच हिशेबाचे: शहाळ्याचे पाणी, तळाशी मलई. ही कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली, असे दुकानात अजून सांगतात. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा याहून चवदार प्रयोग माझ्या ऐकिवात नाही.

कॉफी हाउसची गोष्ट थोडी वेगळी. ते ज्या अल्बर्ट हॉलमध्ये आहे, तिथे १८७६ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या पुढाकाराने इंडियन असोसिएशन स्थापन झाली. १९४२ मध्ये कॉफी बोर्डाने तिथे कॉफी हाउस उघडले. १९५८ मध्ये ते बंद झाले, तेव्हा प्रेसिडेन्सी आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज धाडला, आणि त्याच वर्षी ते पुन्हा उघडले. आज ते कामगारांच्या सहकारी संस्थेचे आहे. कॉफी बेतास बात. पण एका कपावर किती तास बसलात, हे कुणी विचारत नाही.

देउस्करांचे पूर्वज मराठी मुलुखातले. ते स्वतः १८६९ मध्ये देवघरजवळ जन्मले आणि बंगालीत लिहीत राहिले. ‘देशेर कथा’ १९०४ चे. इंग्रजी राजवटीत देशाचा पैसा, विणकाम आणि शेती कशी पिळली गेली, याचा तो आकड्यांनिशी मांडलेला हिशेब. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बाबूराव विष्णू पराडकरांनी ते हिंदीत नेले. म्हणजे मराठी घरातल्या एकाने बंगालीत लिहिले, मराठी घरातल्याच दुसऱ्याने हिंदीत आणले. आणि मराठीत? अनुवादकाला हा प्रश्न टोचतोच.

याच देउस्करांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवायला हातभार लावला. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी हा प्रदेश होरपळला होता. मुलांना झोपवताना ‘बोर्गी आले’ अशी भीती घालण्याची तिकडे रीत. बोर्गी म्हणजे आपले बारगीर. अशा मुलुखात शिवाजीचे नाव घेऊन उभे राहणे सोपे नसणार.

रेलिंगला टेकलेल्या एका टपरीवाल्याने नाव ऐकून मला गुरुवारी यायला सांगितले. गुरुवारी त्याने जागचे न हलता, पाठीमागच्या ढिगातून एक पुनर्मुद्रण ओढून काढले. पाने पिवळी, पाठ दोऱ्याने शिवलेली. पैसे देताना मी म्हटले, “दादा, हे लेखक आमच्याकडचे. मराठी.”

“दिदी मराठी?” त्याने चष्मा वर केला. “बोर्गी?”

मी मान डोलावली. तो हसला, मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाला, “देउस्कर मात्र आमचे. बांगलात लिहिलंय ना त्यांनी.”

आणि वीस रुपये परत केले.