गुटका ते डिस्कपॅड

मागच्या महिन्यात आठवडाभर घरून काम मागून घेतलं आणि गावी गेलो, हिमायतनगरला. पोचलो तर भाचा दारातच उभा, कोपराला ही मोठी पट्टी. "मामा, ब्रेक लागंना गेलाय," एवढंच म्हणाला. सायकल भिंतीला टेकवलेली. वर्षापूर्वी मीच घेऊन दिलेली, जाड टायरची, गिअरची, पुढेमागे डिस्क ब्रेक. उतारावर समोरून बैलगाडी आली, ह्याने दोन्ही ब्रेक आवळले, सायकल काही थांबेना. मग पठ्ठ्याने ती सरळ रस्त्याकडेच्या चारीत घातली. कोपरावर निभावलं म्हणायचं.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दोन-तीन आठवडे ब्रेक किंचाळत होता, म्हणून तो सायकल एका दुकानात घेऊन गेला. तिथल्या मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि डिस्कवर मशीनचं तेल सोडलं. आवाज बंद. ब्रेकही बंद!

पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. पण नंतर विचार केला तर त्या चाचांचं फार चुकलं असंही वाटेना. त्यांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात सायकलच्या कुठल्याही कुरकुरीवर पहिला उपाय तेल हाच होता. आणि तो बहुतेक वेळा बरोबरच होता. बदलली ती सायकल. कशी बदलली, हे शोधता शोधता शनिवार-रविवार गेला. तर ही पोस्ट त्याबद्दल.

आमच्या आजोबांची काळी सायकल अजून माळवदावर पडून आहे. सायकल, घड्याळ आणि रेडिओ ही हुंड्याची त्रिमूर्ती होती त्या काळातली. तिला रॉडचे ब्रेक. हँडलखालची मूठ ओढली की लोखंडी सळ्यांची साखळी हलते आणि घोड्याच्या रिकिबीसारखा एक तुकडा वर उचलला जातो. त्याच्या दोन टोकांचे रबरी गुटके रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूने, खालून वर दाबले जातात. हे सगळं इंग्लिश रोडस्टर सायकलचं डिझाइन. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, सोनपतला १९५१ साली अॅटलस, लुधियान्यात १९५६ साली हिरो, असे कारखाने उभे राहिले आणि जवळपास सगळ्यांनी तोच सांगाडा उचलला. मुंबईत वरळीला हिंद सायकल होती. ती आणि सेन-रॅले पुढे इतक्या डबघाईला आल्या की १९८० साली खास कायदा करून सरकारने दोन्ही ताब्यात घेतल्या. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो २०२० साली, ३ जूनला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. योगायोग म्हणजे काय असतो बघा!

पण माझा मुद्दा वेगळा आहे. एवढ्या कंपन्या, एवढी भांडणं, पण गुटका एकच. अॅटलसचा हिरोला, हिरोचा रॅलेला. दुकानात डबाभर गुटके एकत्र पडलेले असायचे, त्यातले दोन उचलायचे, पान्याने नट आवळायचा, झालं. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, असले प्रश्नच नाहीत. आमच्या धंद्यात ज्याला स्टँडर्ड इंटरफेस म्हणतात आणि ज्याच्यासाठी मीटिंगांवर मीटिंगा होतात, तो ह्या लोकांकडे कुणी न मागता आलेला होता. पावसात मात्र हा ब्रेक फार भरवशाचा नव्हता. क्रोमच्या गुळगुळीत रिमवर ओलं रबर घसरायचं. तेव्हा पाय टेकवून चप्पल घासत थांबणे हा अधिकृत तिसरा ब्रेक होता. :)

ऐंशी-नव्वदच्या दशकांत बीएसए एसएलआर, हिरो रेंजर, हर्क्युलस एमटीबी वगैरे आल्या. सळ्या गेल्या, वायर आली, गुटके रिमच्या दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे लागू लागले. तरी गुटका म्हणजे रबरच, आणि थोड्याफार फरकाने कुठलाही कुठेही बसायचा. आमच्या 'एमटीबी'त डोंगराचं काही नव्हतं, फक्त जाड टायर आणि सरळ हँडल.

खऱ्या डोंगरी सायकलची गोष्ट कॅलिफोर्नियातली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी म्हणून भाग आहे. तिथली काही पोरं जुन्या, बोजड सायकली घेऊन मातीच्या वाटेने डोंगर उतरायची. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी रीतसर शर्यत सुरू केली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यातली पुढे नावारूपाला आलेली मंडळी. उतार साधारण १३०० फुटांचा, अंतर दोन मैलांच्या आसपास. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असायचा, पायडल उलटं मारलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं. ह्या पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं 'रिपॅक'. म्हणजे ह्या सायकलच्या जन्मापासूनच ब्रेकचं दुखणं तिच्या पत्रिकेत लिहिलेलं आहे.

हे दुखणं केवढं, त्याचा हिशोब सोपा आहे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा आणि उतार २०० मीटरचा. ती सगळी ऊर्जा ब्रेकने खायची ठरवली तर साधारण १,६७,००० ज्यूल होतात. घरातलं अर्धा लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला एवढीच लागते. (हवेचा विरोध त्यातला काही वाटा उचलतो, पण हळू उतरलात तर फारसा नाही.) म्हणजे माहूरचा घाट ब्रेक धरून उतरणारा माणूस चाकावर चहाचं आधण ठेवून चाललेला असतो.

ही उष्णता रबर आणि रिमवर न टाकता वेगळ्या पोलादी तबकडीवर टाकावी, ही कल्पना मोटारीतून आली आणि ती बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. घर्षणाला त्याने तांबं वापरलं. ते भराभर झिजायचं आणि भयंकर किंचाळायचं. म्हणजे भाच्याच्या ब्रेकने सव्वाशे वर्षांची परंपराच राखली म्हणायची. त्याच सुमाराला हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस ब्रेकला लावायचं अस्तर बनवण्याच्या मागे होता. १८९७ मध्ये त्याने सुरुवात केली. असं सांगतात की, घोडागाडीच्या लाकडी ब्रेकवर शेतकरी जुन्या बुटाचा तुकडा ठोकतात हे बघून त्याला ते सुचलं. त्याच्याच नावाची अक्षरं उलटीसुलटी करून आणि एक जास्तीचं घालून 'फेरोडो' हे नाव तयार झालं. पुढे अस्तरात अॅसबेस्टॉस आलं. ते उष्णता झेलायचं, पण त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन कॅन्सर करते हे कळायला आणि मान्य करायला फार वर्षं लागली. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि त्यानंतर मोटारींत डिस्कला कुणी हसलं नाही. डोंगरी सायकलींवर हे ब्रेक नव्वदच्या दशकात दिसू लागले.

आता पुन्हा आमच्या अंगणात. मी डिस्कजवळचा कॅलिपर उघडून पॅड बाहेर काढले. तेल प्यायलेले. असे पॅड घासून, भाजून सुधारतात असं बरेच जण सांगतात, पण लेकराच्या सायकलवर मी तो प्रयोग करणार नाही. पॅड दोन मुख्य प्रकारचे. एक रेझिनचे म्हणजे ऑरगॅनिक: शांत, लगेच पकडणारे, पण चिखलात लवकर झिजणारे. दुसरे मेटलचे: धातूची भुकटी दाबून, तापवून केलेले, टिकाऊ, उष्णता सोसणारे, पण जरा आवाज करणारे. 'मेटल म्हणजे दणकट' म्हणून मी ऐटीत दुसऱ्या प्रकारचे ऑनलाइन मागवले, नांदेडच्या मित्राच्या पत्त्यावर. ते हातात पडल्यावर डिस्क पुसायला घेतली तर तिच्यावर स्पष्ट कोरलेलं: फक्त रेझिन पॅड. स्वस्तातल्या डिस्कचं पोलाद मऊ असतं, मेटलचे पॅड तिला खाऊन टाकतात. इंजिनिअर म्हणवतो आणि समोर लिहिलेलं आधी वाचलं नाही. असो.

आकाराची भानगड वेगळीच. इथे गुटक्यासारखं नाही. प्रत्येक कॅलिपरच्या पॅडचा आकार निराळा, एकाच कंपनीतही चार तऱ्हा. भाच्याचा ब्रेक शिमानोचा साधा हायड्रॉलिक, त्याला बी०१एस किंवा त्याच घाटाचा बी०५एस बसतो. हे लक्षात ठेवण्यापेक्षा जुना पॅड काढून नव्याच्या फोटोशेजारी ठेवावा. पिनचं भोक, वरचा कान, कडा, सगळं जुळलं पाहिजे.

दुसऱ्यांदा बरोबर पॅड आले. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. ते आमच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे मिळालं. चाक काढलं. ह्यानंतर लीव्हर अजिबात दाबायचा नाही, नाहीतर आतले पिस्टन बाहेर येऊन बसतात. जुने पॅड आत ठेवूनच प्लॅस्टिकच्या टायर लीव्हरने दोन्ही पिस्टन हळूहळू मागे ढकलले, मग स्प्लिट पिन सरळ करून पॅड आणि मधली स्प्रिंग काढली. नवे पॅड स्प्रिंगसकट चिमटीत धरून सरकवले, पिन घालून टोक वाकवलं, चाक बसवलं, लीव्हर पाच-सात वेळा दाबला. डिस्क एका बाजूला घासत होती. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून लीव्हर धरून ठेवला आणि तसेच आवळले, की बसली मधोमध. नव्या पॅडच्या तोंडाला बोट लावायचं नाही, घामाचं तेलही त्याला चालत नाही. आणि पहिल्याच दिवशी ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही. सपाट रस्त्यावर वेग घेऊन चाक न अडकवता चालीच्या वेगावर आणायचं, असं वीसेक वेळा केलं. पहिल्या पाचात काहीच पकड नव्हती, भाचा माझ्याकडे संशयाने बघत होता. दहाव्यानंतर ब्रेक चावायला लागला. पॅडचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचे, हे त्याला स्केल घेऊन दाखवून ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या चाचांकडे गेलो. भांडायला नाही, पण तेलाचं सांगायला हवं होतं, कारण अशा आणखी सायकली गावात येणारच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, आमच्याकडं ह्याचे गुटके येतच नाहीत, मग आवाज आला तर करावं काय माणसानं?" मी मेटलचे न वापरलेले पॅड दाखवून त्यातला आणि रेझिनमधला फरक सांगितला. त्यांनी ते परत दिले आणि तेल लागलेला जुना पॅड मागून घेतला. पिनच्या भोकातून तार ओवून तो गुटक्यांच्या डब्याच्या वर खिळ्याला टांगला. पुढच्या खेपेला नांदेडहून माल आणताना नमुना म्हणून दाखवणार होते.