कोण, आणि कोणापैकी?

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात भर रस्त्यात एका माणसावर हल्ला झाला. बातमी आली तेव्हा मी वर्ध्यात एका चहाच्या टपरीवर उभा होतो. शेजारच्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा : "कोन होय थो? कोनापैकी होय?" ज्याच्यावर वार झाला तो जगला की गेला, हे विचारायचं आम्हाला नंतर सुचलं. संध्याकाळी मोबाइलवर एक फोटो आला, खाली नाव लिहिलेलं. मी तो तिघांना पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी कळलं की फोटोतल्या माणसाचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. त्याचं आणि संशयिताचं आडनाव तेवढं एक होतं. मी फोटो पुसून टाकला, पण तो माझ्या मोबाइलमधून. बाकीच्यांच्या मोबाइलमधून परत आणणं माझ्या हातात नव्हतं.

तेव्हापासून ३० जानेवारी १९४८ची संध्याकाळ मी वेगळ्या नजरेनं वाचतो.

त्या शुक्रवारी पाच वाजून गेल्यावर दिल्लीत बिर्ला हाउसच्या हिरवळीवर गांधींना गोळ्या लागल्या. मारेकरी जागीच पकडला गेला. तरीही बाहेर जमलेल्या गर्दीत कुणीतरी ओरडलं की मारणारा मुसलमान आहे. माउंटबॅटन नुकतेच पोहोचले होते. त्यांनी तिथल्या तिथे त्याला गप्प केलं आणि मारणारा हिंदू असल्याचं सांगितलं. तुम्हाला कसं कळलं, असं मागून विचारल्यावर ते म्हणाले की मला ठाऊक नव्हतं, पण तो मुसलमान निघाला असता तर देशात भयंकर कत्तल झाली असती. त्यांच्या गोटातल्या लोकांनी हा प्रसंग सांगितलेला आहे. थोड्याच वेळात ऑल इंडिया रेडिओच्या बातमीत मारेकरी हिंदू असल्याचं स्पष्ट सांगण्यात आलं. फाळणीला साडेपाच महिने झाले होते. त्या एका वाक्यानं किती जीव वाचले असतील, याचा हिशेब करता येत नाही.

पण महाराष्ट्रात प्रश्न तिथे थांबला नाही. हिंदू, बरं. पण कोणापैकी? नाव जाहीर झालं आणि आडनावानं उत्तर दिलं. आपल्याकडे आडनाव कळलं की जात कळते, गाव कळतं, आणि गल्लीतली घरं मोजता येतात. मुंबई, पुणे, नागपूर, मग सातारा, सांगली, कोल्हापूर : ब्राह्मणांची घरं, दुकानं, वाडे पेटले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवरची आहे. जमीन, सावकारी, गावकीतली मिजास असे जुने राग त्या आगीत होते, हे खरंच. पण त्या रागांना दार उघडून दिलं ते एका आडनावानं. मुंबईत नारायणराव सावरकरांच्या घरावर जमाव गेला. दगडांनी ते गंभीर जखमी झाले, पुढे ऑक्टोबर १९४९मध्ये गेले. त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाला, विनायकरावांना, अटकही झालेली नव्हती.

वर्धा या सगळ्यात कुठे होतं? गांधी ऑगस्ट १९४६मध्ये सेवाग्रामहून गेले ते परत आलेच नाहीत. फेब्रुवारी १९४८च्या सुरुवातीला ते येणार होते. रचनात्मक कार्यकर्त्यांची बैठक ठरली होती. ती बैठक त्यांच्यावाचून ११ ते १५ मार्चला सेवाग्रामला भरली. नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, कृपलानी, विनोबा सगळे आले. तिथे विनोबा जे बोलले ते मला आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातलं सर्वांत अवघड भाषण वाटतं.

त्यांनी सांगितलं की मी ज्या पवनारला राहतो तिथल्याही चार-पाच जणांना या खुनाशी काही संबंध असेल या संशयावरून धरून नेलं आहे. वर्ध्यात अटका झाल्या, नागपुरात झाल्या. धाम नदीकाठचं ते गाव. १९३८पासून ते तिथे राहत होते. आपल्याच शेजारचे लोक संशयित! मग ते स्वतःकडे वळले. ज्या प्रांतात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जन्मला, त्याच प्रांतातला मी. जात मी सोडली, पण मारणाऱ्याची जी जात तीच माझी. भावे हे आडनाव लपवता येण्यासारखं नव्हतंच. महाराष्ट्रातली घरं जळून जेमतेम दीड महिना झालेला, आणि हा माणूस भर बैठकीत म्हणतो की विचारताय तर ऐका, मी त्यांच्यापैकी.

यात एक गोष्ट सहज सुटून जाते. विनोबांनी 'मारेकरी वेडा होता' असं म्हणून विषय मिटवला नाही. ज्या विचारातून, ज्या संघटनेच्या ज्या पद्धतीतून हे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्यावर ते कडक बोलले. म्हणजे 'कोण' हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. कोणी मारलं, कोणी मदत केली, कोणत्या विचारानं हात तयार झाला, हे विचारलंच पाहिजे. 'कोणापैकी' हा प्रश्न वेगळा. तो गुन्हेगाराचा माग काढत नाही, त्याला शेजारी हवे असतात.

आणि खरा 'कोण' तर आधीच हाताशी होता. २० जानेवारीला बिर्ला हाउसमध्येच स्फोट झाला होता, मदनलाल पाहवा पकडला गेला होता. चौकशीत त्यानं एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मोरारजी देसाईंच्या कानावर माहिती घातली. पुण्यात जाऊन त्या संपादकाचं नाव काढणं काही अवघड नव्हतं. दहा दिवसांत ते झालं नाही. १९६९च्या कपूर आयोगाच्या अहवालात या ढिलाईची पानंच्या पानं आहेत. ज्यांनी नाव शोधायचं त्यांना दहा दिवस पुरले नाहीत, आणि ज्यांचं ते काम नव्हतं त्यांना बिर्ला हाउसच्या फाटकावर काही मिनिटांत 'कळलं'.

लाल किल्ल्यातल्या खटल्यात आठ आरोपी होते. १० फेब्रुवारी १९४९ला निकाल लागला. सात जण दोषी ठरले, विनायकराव सावरकर सुटले. अपिलात आणखी दोघे सुटले. त्या आठांत पवनारचा किंवा वर्ध्याचा कुणीही नव्हता.

एप्रिल २०२०मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे जमावानं दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार मारलं. तेव्हा तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नाही, असं सांगितलं. बहात्तर वर्षांनी सरकारला पुन्हा रेडिओवरचं तेच वाक्य बोलावं लागलं. ते बोलणं गरजेचं होतं. ते गरजेचं व्हावं, यात आपला वाटा आहे. माझा तीन मेसेजांचा.

१२ फेब्रुवारी १९४८ला गांधींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाम नदीत सोडला गेला. दर वर्षी त्या दिवशी तिथे मेळा भरतो. यंदा मीही गेलो होतो. खडकावर बसून मनात यायचं ते आलंच : १९४८च्या त्या दिवशी याच गावातल्या कोणाच्या घरी काळजी होती, की आपला माणूस कधी सुटणार? त्यांची आडनावं शोधावीत असंही क्षणभर वाटलं.

मग ते राहू दिलं.